लोखंड आकसतं

शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा.
शाहूपुरीत बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर
मी, तौफिक बागवान, आणि एसीची एकसुरी घरघर.
सदतीस शाखांची शटरं खाली: गडहिंग्लज, कागल, मलकापूर, गारगोटी.
दोनशे चौदा डेस्कटॉप, आणि एकही कुणाच्या टेबलावर नाही.
टेबलावर नुसती काच, किबोर्ड, पाण्याची बाटली.
यंत्रं सगळी इथं, या कुलपातल्या कपाटात,
आणि खरं विचाराल तर इथंही नाहीत.
आहे ती एकच मूळ प्रत.
तिला आज जे घालू
ते सोमवारी सगळ्यांच्या अंगावर.

पासबुकाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आलीय.
जुनी उपसली, नवी बसवली,
प्रिंटरचा ड्रायव्हर रुसला, त्याची दोनदा समजूत काढली.
मग पाच डेस्कटॉपांवर चाचणी.
"चालालंय न्हवं?" तौफिक विचारतो, तोंडात भडंग.
चालालंय.

वडील उद्यमनगरात लाकडाचे पॅटर्न करायचे.
सागवानाचा ठोकळा, पटाशी, पॉलिशपेपर.
त्या एका ठोकळ्यावरनं वाळूत उमटायची
हजार पंपांची हजार पोटं.
"चूक दिसती लोखंडात," म्हणायचे,
"पण असती लाकडात."
त्यांची फुटपट्टी जगापेक्षा किंचित लांब होती.
तिसरीत मी तिनं वहीत चौकोन काढले,
बाईंनी सगळे चूक दिले.
घरी येऊन रडलो तर हसले.
लोखंड निवताना आकसतं रे, शंभराला एक.
तेवढी जागा आधी सोडायची.

एक वाजून दहा. बटण दाबलं.
आकडा चढत गेला: अठरा. चाळीस. एकशे बारा.
एकशे त्र्याण्णववर बराच वेळ अडला,
आम्ही दोघं उगाच उभे राहिलो.
पावणेतीनला दोनशे चौदा.
बिंदू चौकात एक चहावाला जागा होता.

सोमवार, नऊ वाजून पाच. फोन.
गारगोटी शाखा, सुनंदा मगदूम,
काउंटरवर सव्वीस वर्षं.
"साहेब, माझी फाईल गेली की ओ."
कुठं ठेवलेली?
"हितंच, समोर. डेस्कटॉपवर."
मी परिपत्रकाचा क्रमांक सांगितला.
कलम चार: स्वतःचं काही डेस्कटॉपवर ठेवू नये,
नव्या प्रतीत ते राहत नाही. तीनदा पाठवलेलं.
"वाचलंय की. पण डोळ्यासमोर असलं की बरं वाटतंय."
काय होतं फाईलमध्ये?
पलीकडं नोटा मोजायचं मशीन फडफडलं, थांबलं.
"माणसं."

ईरप्पा परीट. उजव्या कानानं ऐकू येत नाही.
हौसाक्का. सही नवी शिकल्यात, वेळ लागतो,
अंगठ्याचं पॅड पुढं करू नये.
कोरे गुरुजी. पेन्शन जमा झाली का विचारतील,
झाली असली तरी उद्या परत विचारतील.
शालन देसाई. थोरला बरोबर असेल तर
शिल्लक मोठ्यानं सांगायची नाही.

रांगेत कुणीतरी खाकरत होतं.
"सांगा," म्हटलं, "मी टाइप करतो."
एक्केचाळीस नावं. कुठंही न अडखळता.
मला राहवलं नाही:
एवढं पाठ आहे, मग फाईल कशाला?
"जुलैत रिटायर हाय मी, साहेब.
माझ्या जागंवर येणाऱ्याला नको व्हय?"

पुढच्या शनिवारी मूळ प्रतीत
प्रत्येक काउंटरला एक फोल्डर दिला,
रिकामा, कुठल्याच अपडेटला न पुसला जाणारा.
कित्तुरे साहेबांनी यादी तपासताना बोट ठेवलं:
हे निविदेत कुठाय?
नाही, म्हटलं.
पुढचं काही सांगता आलं नाही.

ती फुटपट्टी घरीच असणार.
आईनं स्वयंपाकघराचा पडदा तिच्यावर अडकवला होता बहुतेक.